मिरीचे श्वास

फोनच्या नोट्समध्ये ती यादी अजून आहे. २८, ३०, २६, ३१, ३३, परत ३३, ३६. पुढे वेळा लिहिल्यात, रात्रीचे १:१०, ३:४०, पहाटेचे ५. एके ठिकाणी नुसतं "घुरघुर चालू, धरू नये" असं लिहिलंय आणि एके ठिकाणी "बहुतेक माझेच मोजले". कोणी परक्याने ती नोट उघडली तर त्याला वाटेल ही बाई आकड्यांवर पैसे लावते. आकडे आहेत मांजराच्या एका पिल्लाचे, झोपेत मिनिटाला किती श्वास, एवढंच. नऊ दिवसांत ६१ वेळा मोजलेत.

मैत्रिणीच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली एका भटक्या मांजरीने तीन पिल्लं दिली होती. आई एक दिवस बाहेर गेली ती आलीच नाही, दोन पिल्लं दोघांनी नेली आणि हे एक उरलं, काळं म्हणून उरलं असं मैत्रीण म्हणाली. बुटाच्या खोक्यात घालून आणलं. अंगभर काळं, डोळे पिल्लांचे असतात तसे अजून धुरकट निळे, शेपटी एवढीशी उदबत्तीसारखी ताठ, आणि आकाराच्या मानाने राग भयंकर. मी हात पुढे केला तर फिस्स केलं माझ्यावर. म्हणून मिरी.

पहिल्या रात्री ती माझ्या जुन्या स्वेटरवर झोपली आणि मी शेजारी जमिनीवर आडवी होऊन बघत बसले, कौतुकानेच खरंतर, आणि मग एकदम तिचे पंजे उडायला लागले, मिशा थरथरल्या, ओठ दूध प्यायल्यासारखे हलले आणि श्वास चार-पाच भरभर भरभर आणि मग काहीच नाही. दोन सेकंद असतील. मला ते दोन सेकंद अजून आठवतात. मग परत सुरू झाला. पिल्लं गाढ झोपेत स्वप्नाच्या टप्प्यात असली की असं होतं, तेव्हा श्वास वेडावाकडाच असतो, त्यावरून काही ठरवायचं नसतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या रात्री मी फक्त मोजायला लागले.

आणि मोजायचंही कळत नव्हतं. छाती वर गेली एक, खाली आली दोन, अशा हिशोबाने ५६ आले आणि मी नवऱ्याला उठवलं. तो उठला, बघितलं, म्हणाला, "झोपलीये की." आणि परत झोपला. वर जाऊन खाली आली की मिळून एक. अर्धा मिनिट मोजायचं आणि दुप्पट करायची. पिल्लू झोपलेलं हवं, नुकतं खेळून आलेलं नको, उन्हात किंवा गरम जागी नको, घुरघुरत असेल तर अजिबात नको कारण मांजर श्वास आत घेताना पण घुरघुरतं आणि सोडताना पण, सगळं अंगच थरथरत असतं, त्यात वरखाली काय ते कळत नाही. शांत झोपलेल्या मोठ्या मांजराचे मिनिटाला १५ ते ३०. झोपेतला आकडा सतत ३० च्या वर राहायला लागला की डॉक्टर लक्ष घालतात, पिल्लांना थोडी सूट असते. एवढं सगळं शिकल्यावर पहिला नीट आकडा आला २८. मी तो असा लिहून ठेवला जसा काही रिझल्ट लागलाय.

एक गंमत सांगते, मोजताना आपला श्वास थांबतो. आपोआप. अर्धा मिनिट झाल्यावर मीच धापा टाकत असायचे आणि ती मस्त झोपलेली.

मग सुरू झालं वाचन. रात्री अडीच वाजता फोनच्या उजेडात मांजराच्या श्वासाबद्दल वाचू नये, पण वाचणार कधी मग, दिवसा तर ती जागी असते. पिल्लांना सर्दी होते ती बहुतेक वेळा दोन व्हायरसमुळे, मांजरांचा हर्पीस आणि कॅलिसी. हर्पीस एकदा शिरला की जन्मभर अंगात दडून बसतो आणि ताण आला की डोकं वर काढतो, माणसाला तो होत नाही. नाक चोंदलं की मांजराला वास येत नाही आणि वास आला नाही की ते जेवत नाही, आणि एवढुशा पिल्लाने एक दिवस जेवण सोडलं तरी प्रकरण गंभीर होतं. म्हणून खाणं जरा कोमट करून द्यायचं, वास सुटतो. मिरी दिवसातून दोनदा शिंकायची. दोनदा! मी त्याचीही नोंद ठेवली. मग दमा, मग जन्मतः हृदयात दोष, मग छातीत पाणी, मग फुफ्फुसातून प्रवास करणारे जंत. तो प्रकार खरा आहे, पोटातले गोल जंत आईच्या दुधातून पिल्लात येतात आणि काही अळ्या फुफ्फुसातून जातात, त्याने खोकला येतो. आणि मांजराचा खोकला खोकल्यासारखा दिसतच नाही, ते जमिनीला चिकटून बसतं, मान पुढे ताणतं आणि आपल्याला वाटतं केसांचा गोळा काढतंय.

काही गोष्टी मात्र मी तेव्हाच पक्क्या लक्षात ठेवल्या आणि त्या आजही कोणी विचारलं तर आधी सांगते. मांजराने कुत्र्यासारखं तोंड उघडून श्वास घेणं नॉर्मल नाही. पिल्लू वेड्यासारखं धावून आलं आणि क्षणभर तोंड उघडं राहिलं, बसल्यावर लगेच मिटलं, इतपत चालतं, पण बसूनही थांबत नसेल, हिरड्या निळसर किंवा राखाडी दिसत असतील, पोट भात्यासारखं आतबाहेर होत असेल, कोपरं बाहेर काढून मान लांब करून बसलं असेल आणि आडवं व्हायला तयार नसेल तर मोजत बसायचं नाही, निघायचं. रात्र आहे का दिवस ते बघायचं नाही.

मिरी यातलं काहीच करत नव्हती. तोंड बंद, नाक कोरडं, डोळे स्वच्छ. म्हणूनच मी नऊ दिवस घरी बसून राहिले. लस काय सहा ते आठ आठवड्यांनंतर सुरू होते, तेव्हाच नेऊ, आत्ता उगाच एवढ्या लहान जिवाला क्लिनिकमध्ये दहा आजारी जनावरांत कशाला, असं माझं लॉजिक. मूर्खपणा होता. पिल्लू घरी आलं की पहिल्या दोन दिवसांत एकदा दाखवायचं असतं, लसीचं वय असो नसो.

आईचा फोन आला तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं. तिने आयुष्यात किती मांजरं सांभाळली तिलाच ठाऊक नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "श्वास काय मोजतेस गं, पिसवा आहेत का बघ आधी." मला हसू आलं. म्हटलं आई, घरातच असते ती, खोक्यातून थेट स्वेटरवर, पिसवा कुठून येतील. तरी तिच्या समाधानासाठी ट्यूबखाली धरून पाठीवरचे केस विंचरल्यासारखे बाजूला केले. काळ्यावर काळं. काही दिसलं नाही. "नाहीयेत," म्हणून मेसेज टाकून दिला.

आठवड्याभरात आकडे चढले. ३३, ३६, ३४, ३८. मी नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला तू रोज जास्त घाबरतेस म्हणून रोज जास्त मोजतेस, आणि मला ते पटलंसुद्धा, कारण ती छान शांत झाली होती. आधी पडद्याला लोंबकळायची, बोटं चावायची, आता मांडीवर येऊन झोपायची ती तीन-तीन तास उठायची नाही. पिल्लं दिवसाचे १८-२० तास झोपतात हे वाचलेलंच होतं. मी मैत्रिणीला कळवलं, रुळली बघ, शहाणी झाली एकदम. कधीकधी पाय वर करून कान खराखरा खाजवायची आणि तोल जाऊन पडायची, त्याचे व्हिडिओ मी सगळ्यांना पाठवलेत. सगळ्यांनी बदाम पाठवलेत.

४२ आले त्या सकाळी निघाले.

क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी तिला टेबलवर ठेवलं, स्टेथोस्कोप लावला आणि मिरी घुरघुरायला लागली. जोरात. एरवी माझ्यावर फिस्स करणारी बया परक्या बाईच्या हातात गेल्यावर इंजिन सुरू. मला वाटलं वा, खूश आहे. डॉक्टर म्हणाल्या, खूश असताना घुरघुरतात तशाच घाबरल्यावर आणि दुखत असलं तरी घुरघुरतात, त्यावर जाऊ नका. आणि तिला एका हातात घेऊन बेसिनकडे गेल्या आणि नळ सोडला. पाण्याचा आवाज ऐकून मिरीचे कान मागे गेले आणि घुरघुर थांबली. तेवढ्या दहा-पंधरा सेकंदांत त्यांनी ऐकून घेतलं. मी असले कुठले सोपे उपाय आधी बघितले नव्हते, बघतच राहिले.

"फुफ्फुसं साफ आहेत," म्हणाल्या. मी सुटकेचा श्वास सोडणार तेवढ्यात, "व्हिडिओ आहे का घरचा?" होता ना, झोपेतले श्वास दिसावेत म्हणून मुद्दाम काढलेला, कारण क्लिनिकमध्ये आल्यावर भीतीनेच श्वास वाढतो, तिथला आकडा खरा नसतो. त्यांनी बघितला. श्वासांकडे बघून झाल्यावर व्हिडिओच्या शेवटी ती उठून खाजवते, तिथे थांबल्या. मागे घेऊन परत बघितलं. "सारखी खाजवते?"

मग अंगठ्याने तिचा वरचा ओठ उचलला. हिरड्या दिसल्या. मी नऊ दिवस त्या पिल्लाच्या छातीकडे बघत होते, ओठ एकदाही उचलला नव्हता. हिरड्या गुलाबी असायला हव्यात, तिच्या खडूसारख्या होत्या. अगदी पांढऱ्या नाहीत, पण खडू पाण्यात भिजला की होतो तशा.

बारीक दातांची लोखंडी फणी आणली, शेपटीच्या मुळाशी दोनदा फिरवली आणि फणीत जे आलं ते ओल्या टिश्यूवर झटकलं. काळी बारीक पूड, मिरपूडच. हसावं का रडावं कळेना, नाव मीच ठेवलेलं. डॉक्टर म्हणाल्या, थांबा जरा. आणि त्या एकेका कणाभोवती टिश्यूवर हळूहळू रंग पसरायला लागला, आधी गंजासारखा, मग लालसर. पिसवांची विष्ठा ती. म्हणजे काय तर पचलेलं, वाळलेलं रक्त. तिचंच रक्त, माझ्या डोळ्यांदेखत टिश्यूवर परत ओलं होत होतं.

"वजन किती होतं आणलं तेव्हा?"

माहीत नाही म्हटलं. ६१ वेळा श्वास मोजले आणि वजन एकदाही नाही, किचनमध्ये डिजिटल काटा असताना. आत्ता भरलं ४१०. या वयाला सहाशेच्या पुढे पाहिजे होतं.

त्यांनी जो हिशोब सांगितला तो मी घरी येऊन परत करून बघितला. मांजराच्या अंगात किलोमागे साधारण ६० मिली रक्त असतं. ४१० ग्रॅमच्या जिवात मग २५ मिली. चहाचे पाच चमचे. साधारण ७२ पिसवांच्या माद्या मिळून दिवसाला एक मिली रक्त पितात, त्यादिवशी फणीने चाळीसेक निघाल्या, म्हणजे रोज अर्धा मिली धरा. मोठ्या मांजराला हे कळणारही नाही. पाच चमच्यांतून रोज थोडं थोडं जायला लागलं तर किती दिवस पुरणार. फुफ्फुसं हवा आत घेतायत, सगळं नीट चाललंय, पण ती हवा अंगभर वाहून न्यायला तांबड्या पेशीच कमी, मग त्याच थोड्या पेशींना जास्त फेऱ्या माराव्या लागतात, हृदय पळतं, श्वास वाढतो. आकडे खरे होते माझे. आणि ती शहाणी वगैरे झाली नव्हती. तिच्यात पडद्यावर चढायची ताकद नव्हती.

हृदयात हलकी सरसर पण ऐकू आली म्हणाल्या. मर्मर. माझा चेहरा बघून लगेच सांगितलं की रक्त पातळ झालं की असा आवाज येतो, लहान पिल्लांत तसाही कधीकधी येतो आणि वाढताना जातो, आत्ता त्याच्या मागे लागायचं नाही, रक्त भरून आलं की परत ऐकू. रक्ताचा थेंब काढून बारीक नळीत फिरवला, तांबड्या पेशींचा भाग १८ टक्के. अजून थोडं खाली असतं तर दुसऱ्या मांजराचं रक्त द्यावं लागलं असतं, आणि तेही सोपं नाही, मांजरांमध्ये दुसऱ्या ग्रुपविरुद्धच्या अँटिबॉडी आधी कधी रक्त दिलेलं नसलं तरी असू शकतात, त्यामुळे पहिल्याच वेळी चुकीचं रक्त गेलं तर घात होऊ शकतो.

औषध लगेच लावता येईना, वजन कमी. मग अंघोळ. कोमट पाणी, साधा सौम्य साबण, आणि आधी गळ्याभोवती साबणाच्या फेसाचं कडं करायचं कारण अंग भिजलं की पिसवा जीव वाचवायला तोंडाकडे, कानाकडे पळतात, कडं असलं की तिथे अडकतात. हे मी डोळ्याने बघितलं, त्या काळ्या ओल्या अंगावरून वर पळणाऱ्या पिसवा, आणि ज्या पाठीवर मला ट्यूबखाली काही दिसलं नव्हतं तीच पाठ. मिरी एवढी ओरडली की शेजारच्या काकू आल्या. त्यांच्याकडे कुत्र्याचं पिसवांचं औषध होतं, मानेवर थेंब टाकायचं, अगं एकच थेंब टाक, लहान आहे ना. चांगल्या मनाने सांगत होत्या. पण डॉक्टरांनी बजावून पाठवलं होतं, कुत्र्यांच्या अशा बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराला झटके आणून मारू शकतं, एक थेंब पण नाही. तसंच पॅरासिटामॉल. आपण तापाला सहज घेतो ते मांजराच्या लिव्हरला पचवता येत नाही आणि त्याने रक्तातल्या पेशीच निकामी होतात. ज्या पिल्लाकडे मुळात पाच चमचे आहेत त्याला तर विचारच नको.

पुसून, कोरडी करून, गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून तिच्याजवळ ठेवली, कारण एवढं लहान पिल्लू भिजलं की लगेच गार पडतं. स्वेटर, चादरी, गादीची खोळ सगळं गरम पाण्यात. पिसूची मादी दिवसाला ४०-५० पर्यंत अंडी घालते आणि ती अंगावर टिकत नाहीत, गळून पडतात, म्हणजे मांजर झोपेल तिथे. म्हणजे माझ्या शेजारी. रोज फणी, रोज झाडू, रोज व्हॅक्यूम. जंताचं औषध दर दोन आठवड्यांनी. जोडीला अंगात लोह जाईल असं पिल्लांचं खाणं दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं, कोमट.

आईला फोन करून सांगितलं की पिसवाच होत्या. तर म्हणाली, "हो का? मग आधीच बघायचं ना." तिने स्वतःच सांगितलं होतं हे तिच्या लक्षातही नव्हतं. मी पण आठवण करून दिली नाही.

नोट्समध्ये त्या दिवसापासून दुसरी यादी सुरू होते. ४१०, ४०८, ४१२. तो २ ग्रॅमचा उतार आला त्या दिवशी मी दुपारी ऑफिसमधून घरी आले. पिल्लाचं वजन दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅम वाढायला हवं. ४१९. ४३१. काट्यावर भाजीची वाटी ठेवायचो तशी तिला एका बोलमध्ये ठेवायची, ती बाहेर उडी मारायच्या आत आकडा वाचायचा. ४४८ च्या दिवशी तिने बोलमधून उडी मारताना काटाच खाली पाडला आणि काच तडकली. इतका आनंद मला काही फुटल्याचा कधी झाला नव्हता. पडद्याचे धागे परत ओढले जायला लागले. झोपेतले श्वास ३४, ३०, मग २७.

बरं, यामुळे माझं घाबरणं थांबलं का, तर नाही. एक दिवस नवऱ्याचा मोजा हुंगून तिने तोंड अर्धवट उघडं ठेवलं, वरचा ओठ मागे, नजर कुठेतरी शून्यात, आणि मी चप्पल घातली, पिशवी घेतली, दारात पोचले. मग कळलं की मांजरं तीव्र वास असा तोंडाने आत ओढतात, टाळूत त्यासाठी वेगळा अवयव असतो. नवरा महिनाभर हे सगळ्यांना सांगत होता. हिरड्या मात्र मी अजून रोज बघते, ओठ उचलला की ती चावते, तरी बघते.

लसीच्या दिवशी ९२० ग्रॅम होती. डोळ्यांचा निळा रंग जाऊन पिवळट हिरवा आला होता. डॉक्टरांनी आधी मर्मर ऐकायचा म्हणून स्टेथोस्कोप लावला आणि हिचं इंजिन सुरू. बेसिनकडे नेलं, नळ सोडला. घुरघुर चालूच. नळ मोठा केला. कान मागे गेले, पण आवाज थांबेना. मग स्पिरिटचा बोळा जरा लांबून नाकासमोर धरला, तिने तोंड फिरवलं, रागाने बघितलं आणि थांबली. मी, नवरा, असिस्टंट, सगळे गप्प. डॉक्टर भिंतीकडे बघत ऐकत होत्या.

"नाहीये आवाज," म्हणाल्या.

लस घेतल्यावर त्या दिवशी पिल्लू जरा मलूल असतं, लक्ष ठेवा, असं सांगितलं होतं, म्हणजे मला परवानगीच मिळाली. रात्री ती स्वेटरवर झोपली तेव्हा मी शेजारी आडवी झाले, फोनवर स्टॉपवॉच लावलं आणि छातीकडे बघायला लागले. दोन-चार श्वास झाले असतील तोच तिने डोळे न उघडता पंजा लांब केला, माझ्या मनगटावर ठेवला आणि घुरघुरायला लागली. मी स्टॉपवॉच बंद केलं. घुरघुरताना मोजलेले धरत नाहीत.